तीन रूपं, तीन फटके

मास्तरांची शिकवायची पद्धत ठरलेली होती. क्रियापदाचं पहिलं रूप म्हणायचं, तळहातावर पट्टी. दुसरं रूप म्हणायचं, हात उपडा करायचा, बोटांच्या पेरांवर पट्टी. तिसऱ्या रूपाला पट्टी टेबलावर ठेवली जायची आणि गालावर पाच बोटं उमटायची. श्लागेन, श्लूक, गेश्लागेन. जर्मन भाषेतलं मारणं, त्याचा भूतकाळ आणि मग 'मारलेलं'. ते झालं की पुढचं क्रियापद, आणि हात पुन्हा सुलटा. चुकल्यावर मारणारे मास्तर गल्लोगल्ली असतात, त्यांचं एवढं काही नाही. हे मास्तर बरोबर आलं तरी मारायचे.

मास्तर म्हणजे मार खाणाऱ्या पोरीचे वडील. पेशाने ते मास्तरही नव्हते. यंत्रांच्या कारखान्यात बसून परदेशी यंत्रांच्या पुस्तकांचं भाषांतर करायचे आणि संध्याकाळी घरी दोन-चार मुलांना जर्मन शिकवायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्या मुलांना ते 'बाळ, बस' म्हणायचे, पाणी विचारायचे. परक्याच्या पोरावर हात टाकला तर त्याचा बाप दारात येऊन उभा राहील, हे कळण्याइतके ते हुशार होते. फटके घरच्या पोरीसाठी राखून ठेवलेले. तिचा बाप दारात येऊन उभा राहायची भीती नव्हती, तो आत पट्टी घेऊन बसलेला असायचा.

यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञानही होतं. मारकुट्या माणसाकडे ते बहुतेक असतंच. या भाषेत क्रियापदं दोन प्रकारची, दुबळी आणि बळकट. दुबळं क्रियापद भूतकाळात गेलं की मागे एक शेपूट लावून घेतं, बाकी आहे तसंच राहतं. बळकट क्रियापद शेपटीच्या भानगडीत पडत नाही, त्याच्या पोटातला स्वरच बदलतो. 'श्लागेन'मधल्या आचा ऊ होतो, आणि तिसऱ्या रूपात पुन्हा आ. मास्तर म्हणायचे, "शेपूट काय, कुणीही लावेल. आतून बदलायला मार खावा लागतो." हे व्याकरण नव्हतं, हा निव्वळ माज होता. पण ते दुसरीतल्या पोरीला कोण सांगणार?

आईने सांगायला हवं होतं. आई धडा सुरू झाला की स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मूग गिळून गप्प बसणारी माणसं पुष्कळ बघायला मिळतात, पण पाण्याचा एवढा आवाज करून गप्प बसणारी ही एकच. एकदा 'ब्रेखेन, ब्राख, गेब्रोखेन' चाललं होतं. मोडणे, मोडलं, मोडलेलं. तिसऱ्या फटक्याला पोरीच्या दाताचा टवका उडून टेबलावर पडला. मास्तरांनी तो उचलला, बघितला, तिच्या मुठीत ठेवला आणि पुढचं क्रियापद विचारलं. तिने तोंडातलं रक्त गिळून ते सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. त्या संध्याकाळी नळ नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहत होता.

सगळ्यात संतापाची गोष्ट ही की पोरीला भाषा आली. अशी आली की परीक्षकांनी तोंडात बोटं घातली. झोपेतून उठवून विचारलं तरी तिन्ही रूपं खडाखडा बाहेर पडायची. पुढे त्यावरच तिचं पोट चाललं. टायरच्या दुकानाच्या वर तिने क्लास काढला आणि परदेशातल्या इस्पितळांत नोकरीला निघालेल्या नर्सना जर्मन शिकवू लागली. लोक तिला जर्मनबाई म्हणू लागले. खाली टायर ठोकल्याचे दणके, वर बाईंचा आवाज. तिने आयुष्यात एकाही विद्यार्थिनीवर हात उगारला नाही, टेबलावर डस्टरसुद्धा आपटला नाही.

बळकट क्रियापदं शिकवायची वेळ आली की मात्र ती सुरुवात 'श्लागेन'पासूनच करायची. दुसरं चालत होतं, 'जाणे' होतं, 'खाणे' होतं, पण तिला हेच लागायचं. दुखऱ्या दाताला सारखी जीभ लागते, त्यातला प्रकार. "घाबरू नका गं," ती म्हणायची. "आपल्याकडे नाही का, मरतो आणि मारतो? पडतो आणि पाडतो? तरतो आणि तारतो? आत नुसता स्वर हलला की मरणाऱ्याचा मारणारा होतो. तसंच हे." नर्सना ते पटकन पटायचं. मग ती या क्रियापदाची सगळी जन्मकथा सांगायची. याची इंग्रजीतली बहीण 'स्ले' इतकी बिघडली की तिचा अर्थ थेट ठार मारणं झाला, कत्तलखान्याचा शब्दही त्याच घराण्यातला. जर्मनमध्ये मात्र हे क्रियापद संसाराला लागलं. घड्याळाचे टोले यानेच पडतात, छातीतले ठोके यानेच पडतात, साय यानेच घुसळतात, खिळा यानेच ठोकतात. फार जुन्या काळी त्याच्या वर्तमानकाळात 'ह' होता आणि 'ग', जो 'श्लूक'च्या शेवटी क सारखा ऐकू येतो, तो फक्त भूतकाळात होता. हळूहळू तो भूतकाळातला ग वर सरकला आणि वर्तमानकाळातही घुसून बसला. "आणि आणखी एक," ती फळ्यावर लिहायची, "तू मारतोस, तो मारतो, यात स्वर बदलतो. मी मारतो म्हणताना काही बदलत नाही. मी आपला जसाच्या तसा." नर्स हसायच्या. तीही हसायची, आणि लगेच फळा पुसून टाकायची.

मुलगी झाली तेव्हा तिने मनाशी शपथ घेतली होती की हिच्या अंगाला कुणाचं बोट लागणार नाही. पुढचे दोन दात जरा मोठे म्हणून पोरीला सगळे खारू म्हणायचे. खारूला तिने जर्मनचा एक शब्द शिकवला नाही. पोर मागे लागायची, "आई, मला पण शिकव ना," तर ही म्हणायची, "मोठी झालीस की." आणि मास्तरांना विचारायचा एक प्रश्न तिने इतकी वर्षं तोंडात धरून ठेवला होता. बरोबर आलं तरी का मारायचात? बस, एवढंच विचारायचं होतं. लग्न झालं, आई गेली, मास्तर थकले, तरी त्यांच्यासमोर गेलं की तिची दातखीळ बसायची. बाई चाळिशीला आली तरी प्रश्न तिथेच होता.

आणि मग मास्तरांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे पहिल्यासारखेच चिडके होते, पण तोंडातून 'ब, ब' यापलीकडे काही निघेना. दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती त्यांना घरी घेऊन आली. लोक म्हणाले, बघा, मुलगी असावी तर अशी. लोकांना काय माहीत. मुक्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, आणि तिला तो विचारायचा होता, म्हणून त्यांना बोलतं करणं भाग होतं. बाकी प्रेमबिम जे काय असेल ते असेल.

मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. उजवा हात गेला तर डाव्याने मारू लागले. सुपाची वाटी भिंतीवर, चमचा तिच्या कपाळावर. अंग पुसताना त्यांनी तिच्या मनगटाचा असा चावा घेतला की टाका घालावा लागला. एकदा केस धरून तिचं डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने गमत्या. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना वर न्यायला निघालेली लिफ्ट मध्येच कुठेतरी अडकलीय. मलाच जावं लागणार बहुतेक." मग गंभीर होऊन म्हणाला, "अगं, त्यांना कुठेतरी ठेवू. अशी घरं असतात."

"बोलायला लागले की ठेवू," ती म्हणाली.

"बोलायला लागल्यावर कशाला? आत्ता ठेवलं तर निदान नको म्हणणार नाहीत."

बोलायला शिकवायला एक तरुण स्पीच थेरपिस्ट यायची. तिने समजावलं, "आकडे, वार, पाढे, असं जे लहानपणापासून तोंडपाठ असतं ना, ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. कधीकधी तेवढं शाबूत राहतं. शिव्यासुद्धा राहतात."

"शिव्या चालत असतील तर मी शिकवतो की," नवरा म्हणाला. पण मास्तरांच्या तोंडून ना वार निघाले, ना आकडे, ना शिव्या.

एका सकाळी ती त्यांची हनुवटी पुसत होती. मास्तरांनी डावा हात उचलून तिच्या गालावर सणसणीत ठेवून दिली. तिच्या तोंडून, कसं कोण जाणे, जुन्या सवयीने निघून गेलं, "श्लागेन."

मास्तरांचे डोळे मोठे झाले. त्यांनी दुसरी मारली, मुठीच्या पेरांनी, तिच्या कानशिलावर. आणि बोलले. "श्लूक."

तिसरी त्याच गालावर. "गेश्लागेन." स्वच्छ, प्रत्येक अक्षर घासून पुसून ठेवल्यासारखं. मास्तरांच्या वाकड्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. ते ओक्साबोक्शी रडू लागले. तिला धड रडूही येईना, कारण कान वाजत होता आणि आनंदही झाला होता, आणि झालेल्या आनंदाची शरम वाटत होती.

थेरपिस्टला तर हर्षवायू व्हायचा राहिला. "कसं केलंत?"

"म्हणून दाखवलं मी," ती म्हणाली. मारल्याचं सांगितलं नाही. आणि ही तिची चूक. आयुष्यभर ज्या पद्धतीला तिने शिव्या दिल्या, ती तिने अशी झाकून ठेवली, जणू घरातला एखादा ठेवा आहे. थेरपिस्टने टेबलावर ताल धरून बघितला, मास्तरांच्या मांडीवर हळूच थोपटून बघितलं, ताल धरायला त्यांच्या हाताखाली उशी ठेवून बघितली. काही नाही. उशीवर मारून भाषा येत नव्हती, तिला गाल लागत होता.

मग रोजचं सुरू झालं. क्लासला जायच्या आधी ती खोलीचं दार लोटायची, मास्तरांच्या डाव्या हाताला खुर्ची घ्यायची आणि बसायची. पहिलं रूप ती म्हणायची, तीन फटके ते मारायचे, पुढची दोन रूपं तेच म्हणायचे. 'मारणे' झालं, मग 'वाहणे' आलं, मग 'खणणे', मग 'धुणे', सगळी आतल्या आत आचा ऊ करणारी भावंडं. हळूहळू जर्मनच्या मागून मराठीही आली. एकदा फटक्यानंतर 'पाणी' म्हणाले. एकदा 'खिडकी'. ती मनात म्हणायची, अजून थोडं. वाक्य बोलू देत. एकदा पूर्ण वाक्य आलं की विचारते.

तिच्या गालावरचे वळ नर्सच्या नजरेतून सुटणार थोडेच? त्यांचा तर धंदाच तो. एक दिवस टायरच्या दुकानाशेजारच्या इमारतीत नवरा लिफ्ट बघायला आला होता, तर जिन्यात चार नर्सनी त्याला घेरलं. "तुम्हीच का ते? लाज नाही वाटत बायकोवर हात टाकायला?" तो बिचारा पान्हा हातात घेऊन उभा. त्या पान्ह्याकडे बघून त्या आणखीच खवळल्या. घरी येऊन तो म्हणाला, "आज मार खाता खाता वाचलो. तेही दुसऱ्याच्या वाटणीचा." मग तिची हनुवटी धरून त्याने तिचा गाल दिव्याकडे वळवला आणि त्याचं हसणं गेलं. "हे थांबव. माझ्यासाठी नको, खारूसाठी थांबव. तिला काय दिसतंय?"

"दार लावलेलं असतं," ती म्हणाली.

ते दार नुसतं लोटलेलं असायचं. त्याला कडी नव्हती.

एक दिवस दुकानाच्या बाजूला वीज गेली, क्लास लवकर सुटला आणि ती भर दुपारी घरी आली. मास्तरांना सांभाळायला ठेवलेल्या मावशी गॅलरीत फोनवर सुनेची गाऱ्हाणी सांगण्यात गुंगल्या होत्या. मास्तरांच्या खोलीतून चापट वाजल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पोरीचा बारीक आवाज, "ट्रागेन." ओझं वाहण्याचं पहिलं रूप.

दार ढकललं तर खुर्चीवर खारू बसलेली, शाळेच्या कपड्यांत. पाय जमिनीला पोचत नव्हते. एक गाल लालबुंद, ओठाला कोपऱ्यात चीर, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. डोळ्यांत पाणी होतं पण चेहरा फुललेला, बक्षीस मिळाल्यासारखा. "आई, आजोबा माझ्याशी बोलतात! आज खारू म्हणाले. तू करतेस ना, तस्संच केलं मी. रोज करते. मला सगळी येतात आता!"

रोज.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. हिची वाटेत कुठे थांबलीच नाही. तिने खारूला खुर्चीवरून खेचून मागे सारलं. मास्तरांचा डावा हात अजून वर होता, तो तिने मनगटात धरून पलंगाच्या दांडीवर आपटला. हाडाचा कट्ट असा आवाज झाला. मास्तर गुरासारखे ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही. इतकी वर्षं बसलेली दातखीळ आत्ता सुटली होती.

"बरोबर आलं तरी का मारायचात?" तिने त्यांच्या तोंडात भडकावली. "का? बोला! आता बोलता ना, मग बोला!"

मास्तरांची मान एका बाजूला गेली. "श्लागेन," ते म्हणाले.

"का मारायचात? दात तोडलात माझा! काय चुकलं होतं माझं?" उलट्या हाताने दुसरी.

"श्लूक."

तिसरी तिने सगळा जीव एकवटून मारली. वाकड्या तोंडातून रक्त आणि लाळ उशीवर उडाली. मास्तर धापा टाकत राहिले. "गेश्लागेन," ते म्हणाले. मग त्यांनी मान सरळ केली, तिच्याकडे बघितलं, आणि चेहऱ्याचा जो अर्धा भाग अजून हलत होता तो हसला. झटका आल्यापासून पहिलंच पूर्ण वाक्य त्यांच्या तोंडून आलं, न अडखळता, अगदी पहिल्यासारखं.

"छान. आता आलं तुला."

जन्मात त्यांनी तिला छान म्हटलं नव्हतं. आणि तिला, त्या रक्ताळलेल्या उशीसमोर उभं असताना, एक क्षण बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग तिने पलंगाचा कठडा धरला. हात भणभणत होता, बोटांना मास्तरांची दाढी टोचल्याची जागा कळत होती. गॅलरीतून मावशी धावत आल्या, दारातच 'अगं बाई' करून उभ्या राहिल्या. ती त्यांना म्हणाली, "अॅम्ब्युलन्स बोलवा. हात मोडलाय त्यांचा. मी मोडलाय." नवऱ्याला फोन करून सांगितलं की ती घरं असतात म्हणालास ना, आजच बघ. मास्तर डोळे मिटून पडले होते, तोंडावर तेच अर्धं हसू. त्यांना आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

खारू कपाटाला पाठ लावून उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. आई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि ओठावरचं रक्त पुसायला हात पुढे केला. एवढे दिवस आजोबांपुढे हौसेने गाल करणारी पोर आईचा हात येताना बघून कपाटाच्या कोपऱ्यात सरकली. दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं आणि बोटांच्या आडून घाईघाईने म्हणाली, "मी बरोबर म्हटलं होतं, आई. सगळं बरोबर म्हटलं होतं."